‘घरीच असते’ म्हणणारीचा व्यवसाय कोणता?

करवीर तालुक्यातलं एक घर कल्पनेनं उभं करू. पाऊण एकर ऊस, गोठ्यात दोन म्हशी, थोरला मुलगा शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत मोल्डर, म्हणजे साचे करणारा, वडील शेतावर, सासू-सून घरी. या घराचा व्यवसाय काय, असं विचारलं तर ‘शेती’ हे उत्तर मिळण्याची शक्यता मोठी, कारण सातबारा नावावर आहे आणि शेतकरी म्हणवून घेण्यात मान आहे. महिन्याचा खर्च मात्र फौंड्रीच्या पगारावर आणि दुधाच्या बिलावर भागतो.

त्यामुळे रोजगाराच्या सर्वेक्षणात घरातल्या प्रत्येकाची वेगळी नोंद घेतात आणि दोन गोष्टी विचारतात: कोणत्या उद्योगात आहात आणि तिथे नेमकं काय करता? साखर कारखान्यातला क्लार्क आणि दूध संघातला क्लार्क यांचे उद्योग वेगळे, व्यवसाय एक. व्यवसायांसाठी आपल्याकडे २०१५ चं राष्ट्रीय वर्गीकरण आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००८ च्या चौकटीवर ते बेतलंय. त्यात नऊ मोठे विभाग आहेत आणि ते कामाचं स्वरूप व त्याला लागणारं कौशल्य पाहतात, कमाई नाही. हातमागावर विणणारा सातव्या विभागात, कारागिरांमध्ये येतो. इचलकरंजीत यंत्रमाग चालवणारा आठव्यात, यंत्रचालकांमध्ये. आपला मोल्डर, चपला करणारा आणि हुपरीचा चांदी कारागीर तिघंही सातव्यातच, मिळकतीत कितीही तफावत असली तरी.

खरी अडचण सुनेपाशी येते. ‘तुम्ही काय करता?’ विचारलं की उत्तर येतं, ‘काही नाही, घरीच असते.’ सर्वेक्षक तिथेच थांबला तर तिच्यापुढे ९२ हा सांकेतांक पडतो: फक्त घरकाम. ती श्रमशक्तीच्या, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांच्या गणतीच्या, बाहेर गेली. पण वैरण कोण आणतं, धारा कोण काढतं, डेअरीत दूध कोण घालतं, असं विचारलं की चित्र पालटतं. दूध विकलं जातं, म्हणजे घरचाच धंदा आहे आणि ती त्यात विनामोबदला मदतनीस: सांकेतांक २१. वर्षातला जास्त काळ घरकामात गेला तरी असं काम किमान तीस दिवस केलं असेल, तर ते ‘दुय्यम काम’ म्हणून धरायचं, असा २०१७ पासून चालू असलेल्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणातला नियम आहे.

कोल्हापुरी चपलांच्या वेण्या घालणाऱ्या बायकांचंही तेच. व्यापाऱ्याकडून माल आणून घरी बसून नगावर मजुरीनं काम केलं, तर नियमानुसार ती स्वयंरोजगारीत मोडते. नियम चांगले आहेत. पण ते लागू होणं अवलंबून असतं एका जादा प्रश्नावर, आणि संध्याकाळी शेवटची दोन-तीन घरं उरकताना तोच प्रश्न गाळला जाण्याचा धोका सगळ्यात जास्त. स्त्रियांच्या रोजगाराचे आकडे वर-खाली झाले की आपण तावातावानं भांडतो. तेव्हा हा प्रश्न विचारला गेला होता का, हे आधी तपासलं पाहिजे असं मला कळकळीनं वाटतं.

आर्थिक वर्ग ठरवायची तऱ्हा निराळी. वैद्यकीय संशोधनात शहरी कुटुंबांसाठी १९७६ ची कुप्पुस्वामी श्रेणी अजून वापरतात: कुटुंबप्रमुखाचं शिक्षण, त्याचा व्यवसाय आणि घराचं मासिक उत्पन्न, मिळून २९ गुण. यातले रुपयांचे टप्पे महागाईप्रमाणे सारखे बदलावे लागतात. शिवाय उसाचं बिल हप्त्यानं येतं, त्याचं मासिक उत्पन्न काय सांगणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण म्हणूनच उत्पन्न विचारत बसत नाही. फरशी, शौचालय, फ्रिज, गाडी अशा गोष्टींना गणितानं वजन देऊन लोकसंख्येचे पाच समान गट पाडतं. जी वस्तू घरोघरी झाली, तिचं वजन आपोआप उतरतं.

बाजार संशोधकांनीही २०११ च्या पद्धतीत घरातल्या अकरा वस्तू मोजल्या होत्या. त्यांच्या नव्या पद्धतीत वस्तू गेल्या आणि घरातल्या सर्वांत शिकलेल्या पुरुषाबरोबर सर्वांत शिकलेल्या स्त्रीचं शिक्षणही आलं. व्यवसाय मात्र तिथेही मुख्य कमावत्याचाच धरतात.