रीफ टँकमधला एंजल: सेंट्रोपायजी घ्यावा की जेनिकँथस?

रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, एंजल मासा ठेवायचा म्हटलं की दोन गटांची नावं पुढे येतात, सेंट्रोपायजी आणि जेनिकँथस. (गोड्या पाण्यातला एंजलफिश यात धरू नका, त्याचं कूळच वेगळं.) दोघांच्याही गालावर समुद्री एंजलची खूण असलेला काटा असतो आणि दोघेही ‘रीफ-सेफ’, म्हणजे कोरलला त्रास न देणारे, म्हणून विकले जातात. गल्लत इथेच होते. रंग, आकार, किंमत बाजूला ठेवा आणि काचेसमोर दहा मिनिटं उभं राहून एवढंच बघा: माशाचं तोंड कुठे चालतंय?

कोरल ब्यूटी आणि फ्लेम एंजल हे सेंट्रोपायजी. ते दिवसभर खडकाला धरून असतात. एक टोचा मारायचा, जरा पुढे सरकायचं, पुन्हा टोचा. शेवाळ आणि खडकावर साचलेला बारीकसारीक कचरा हे त्यांचं चरणं. चरता चरता एखादा टोचा मांसल कोरलवर किंवा क्लॅमच्या (टँकमधल्या शिंपल्याच्या) कडेवर बसतो. क्लॅम झटकन मिटतो, हळूहळू उघडतो, पुन्हा टोचा बसतो. असं रोज झालं की तो पुरता उघडेनासा होतो. एखादा कोरल ब्यूटी वर्षानुवर्षं कशालाच तोंड लावत नाही, हेही खरं. पण आपल्या वाट्याला कोणता येईल ते आधी कळत नाही. शिवाय अंगाने जेमतेम 10 सेंटिमीटरचा असला तरी आपल्या कपारीपाशी नवा मासा आलेला त्याला खपत नाही.

जेनिकँथस मात्र अगदी नाकासमोर चालणारा. लांबट अंग, शेपटीची दोन्ही टोकं निमुळती, तोंड इवलंसं. मोकळ्या पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून तो तरंगत राहतो आणि वाहत येणारे सूक्ष्म जीव एकेक करून टिपतो. त्याचं अन्न पाण्यात असतं, म्हणून कोरल सहसा सुखरूप राहतात आणि गरीब स्वभावाच्या माशांशीही त्याचं जमतं. शांत एंजल हवा असेल तर माझं मत यालाच.

यातले नर-मादी नुसत्या नजरेने ओळखता येतात. वाटानाबे एंजलच्या नराच्या अंगावर आडव्या काळ्या रेषा असतात, मादी फिकट निळसर. हे मासे आधी मादी असतात. नर नसेल तर मोठी मादी काही आठवड्यांत रंग बदलून नर होते, आणि हे आपल्या टँकमध्ये डोळ्यांदेखत घडताना बघणं फार विलक्षण असतं. दोन नर मात्र एकत्र ठेवू नका.

शांत आहे म्हणून तो सांभाळायला सोपा आहे असं नाही. सेंट्रोपायजीला 250 लिटरचा टँक चालतो. जेनिकँथसमधला लामार्क एंजल 20 सेंटिमीटरच्या पुढे जातो, त्याला 500 लिटर तरी हवेत, पोहायला लांबी हवी आणि वर जाळी हवी, कारण तो उडी मारतो. खडकावर चरून पोट भरायची सोय नसल्याने दिवसातून तीन वेळा तरी थोडं थोडं खायला घालावं लागतं. एका जेवणावर ठेवलात तर पाठ बारीक होत जाते.

खरेदीच्या वेळी सगळ्यात मोठा धोका खोलीचा. जेनिकँथसमधलाच बेलस एंजल बहुधा 50 मीटरच्याही खालून आणलेला असतो. घाईने वर काढलेल्या माशाची पोटातली हवेची पिशवी फुगते. असा मासा डोकं खाली, शेपटी वर करून सारखे पर मारत राहतो. थांबला की वर तरंगायला लागतो. रंग कितीही देखणा असला तरी तो घेऊ नका. पाण्यात सरळ, स्थिर उभा राहणारा निवडा आणि विक्रेत्याला समोर मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव, माशांचं खाद्य) सोडायला सांगा. वाहत्या पाण्यातून त्याने ते पटापट टिपलं, तर तो घरी न्यायला हरकत नाही.