गच्चीवरून अतिदूर खगोलांचे छायाचित्रण

लहान दुर्बीण आणि संवेदनशील कॅमेरा वापरून आपल्या आकाशगंगेबाहेरच्या वस्तू, म्हणजे दीर्घिका, त्यांचे गुच्छ व क्वासार (दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रे) टिपण्याचा हौशी निरीक्षकांचा छंद. पुण्यात अंगणाची घरे थोडीच उरली, त्यामुळे दुर्बीण बहुधा सोसायटीच्या गच्चीवर मांडली जाते. १५० ते २०० मिमी व्यासाच्या आरशाची न्यूटनीय दुर्बीण आणि ताऱ्यांच्या गतीने फिरणारा भक्कम माउंट एवढ्यावर काम सुरू होते.

शहरात खरी अडचण अंतराची नसते, उजळलेल्या आकाशाची असते. त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ ही दीर्घिका सुमारे २७ लाख प्रकाशवर्षांवर, म्हणजे तशी शेजारीच आहे. तिची एकूण दृश्यप्रत (तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद) ५.७ असली तरी तो प्रकाश पूर्णचंद्राच्या सुमारे तिप्पट क्षेत्रावर पसरलेला असल्याने पुण्याच्या आकाशात ती जवळजवळ विरून जाते. क्वासारचा प्रकाश मात्र ताऱ्यासारखा मोजक्या पिक्सेलांवर एकवटतो. म्हणूनच शेकडो पट दूर असलेला ३सी २७३ हा क्वासार शहरी गच्चीवरून त्यामानाने सहज हाती लागतो. नवोदिताने दीर्घिकांच्या मागे लागण्याआधी त्याच्यावर कॅमेरा लावावा, हे उत्तम.

३सी २७३ कन्या राशीत आहे. त्याची दृश्यप्रत सुमारे १२.९, म्हणजे नुसत्या डोळ्यांना काळोख्या रात्री जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याच्या सुमारे सहाशेपट मंद. त्याचा प्रकाश निघाला त्याला अंदाजे २०० कोटी वर्षे झाली. पृथ्वीवर तेव्हा सूक्ष्मजीवांचेच राज्य होते. १९६२ साली चंद्रामुळे झालेल्या त्याच्या पिधानांवरून (चंद्राआड झाकले जाण्यावरून) ऑस्ट्रेलियातील पार्क्स रेडिओ दुर्बिणीने त्याचे नेमके स्थान ठरवले आणि १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी त्याच्या वर्णपटातल्या हायड्रोजनच्या रेषा सुमारे १६ टक्के ताम्रसृत, म्हणजे लाल टोकाकडे सरकलेल्या, असल्याचे ओळखले. चंद्रपिधानाची हीच पद्धत डोळ्यांपुढे ठेवून रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उटीची रेडिओ दुर्बीण उभारली. पुढे नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीणही त्यांच्याच नेतृत्वाखाली उभी राहिली. छायाचित्रात हा क्वासार आजूबाजूच्या ताऱ्यांसारखाच ठिपका दिसतो. नकाशाशी ताडून पाहिल्याखेरीज तो ओळखू येत नाही, आणि ओळखू आला की मग त्या ठिपक्यावरून नजर हलत नाही.

पुण्यात जून ते सप्टेंबर दुर्बीण झाकूनच ठेवावी लागते. कन्या राशी मार्चअखेर मध्यरात्री याम्योत्तरावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येते आणि क्वासार क्षितिजापासून ७३ अंशांवर चढतो. इतक्या उंचीवर शहराची धुरकट हवा कमी आड येते. एप्रिल-मे महिन्यांत धूळ आणि वळवाचे ढग सुरू होतात, त्यामुळे फेब्रुवारीच्या उत्तररात्री व मार्च हाच खरा हंगाम. ध्रुवतारा इथे जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो. उत्तरेला उंच इमारत असली की तो झाकला जातो आणि माउंटचा अक्ष ड्रिफ्ट पद्धतीने, म्हणजे तारा दृष्टिक्षेत्रात कसा सरकतो ते पाहून, जुळवावा लागतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो, त्याने तारे थरथरतात. फ्रेम चालू असताना स्लॅबवर कुणी चालले तरी तारे लांबट उमटतात.

उजळ आकाशामुळे एकच लांब एक्स्पोजर उपयोगाचे नाही. ३० ते ६० सेकंदांच्या अनेक फ्रेम घेऊन त्या संगणकावर एकत्र करतात, यालाच स्टॅकिंग म्हणतात. शंभर फ्रेम एकत्र केल्या की एका फ्रेमच्या तुलनेत चित्राची स्वच्छता दहापट होते. डार्क (झाकण लावून घेतलेल्या) व फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या) फ्रेमही घ्याव्यात. कॅमेऱ्याच्या सेन्सरजवळच्या धुळीचे डाग फ्लॅटमुळेच जातात. तेजोमेघांसाठी वापरतात ते अरुंदपट्टा (मोजक्याच रंगाचा प्रकाश आत सोडणारे) फिल्टर इथे निरुपयोगी, कारण दीर्घिका, क्वासार आणि रस्त्यावरचे एलईडी दिवे सगळेच रुंद पट्ट्यात प्रकाशतात. अंधुक दीर्घिकांसाठी भोर किंवा मुळशीकडे जाण्याला पर्याय नाही.

हात बसला की सप्तर्षी व सारथी यांच्या मधल्या भागातला एपीएम ०८२७९+५२५५ हा क्वासार घ्यावा. लाल प्रकाशात त्याची प्रत सुमारे १५.२ आहे. वाटेतल्या वस्तुमानाच्या गुरुत्वीय भिंगामुळे (गुरुत्वाने प्रकाश वळून एकवटल्याने) तो इतका उजळ दिसतो. त्याचा प्रकाश सुमारे १२०० कोटी वर्षांपूर्वी निघालेला आहे.

कॅमेऱ्यापुढे साधी विवर्तन जाळी (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची काच) बसवली तर ३सी २७३ ची ताम्रसृती घरच्या घरी मोजता येते. हायड्रोजनची ४८६ नॅनोमीटरची बीटा रेषा ५६३ च्या आसपास सरकलेली सापडते. मोजणीसाठी हीच रेषा धरावी, कारण ६५६ ची अल्फा रेषा सरकून ७६० वर येते आणि तिथे पृथ्वीच्या हवेतला ऑक्सिजन प्रकाश शोषतो.