उदाहरणं सोडवणं वेगळं, समस्येतून शिकणं वेगळं

विद्यापीठीय अध्यापनाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "समस्याधारित अध्ययन? ते आमच्याकडे आहेच. प्रत्येक धड्यानंतर आम्ही उदाहरणं सोडवून घेतो." उदाहरणं सोडवून घेणं चांगलंच आहे, पण ते समस्याधारित अध्ययन नाही. दोन्हींना एकच नाव दिलं की पहिलंच चालू राहतं आणि दुसरं कधी सुरूच होत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

उदाहरणांबद्दल फार सांगायला नको. लेक्चर झालं, सूत्र फळ्यावर आलं, एक नमुना सोडवून दाखवला, तशीच दहा घरी करायला दिली, त्यातलं शेवटचं जरा वळणाचं. यातून हात बसतो आणि वेग येतो. आपण सगळे यातूनच गेलो आहोत.

मग फरक कशात? बहुतेक जण सांगतात, "समस्या आधी, लेक्चर नंतर." हे उत्तर अर्धंच आहे आणि घोळ इथेच होतो. तासाच्या सुरुवातीला एखादा प्रसंग वाचून दाखवला आणि पुढे नेहमीचं लेक्चर दिलं, तर क्रम उलटला, बाकी काहीच बदललं नाही. विचारायला हवं ते हे: काय शिकायचं आहे, हे कोण शोधून काढतं? उदाहरणात ते आधीच ठरलेलं असतं. धड्याचं नाव वर छापलेलं असतं, विद्यार्थ्याने फक्त माहितीतलं सूत्र लावायचं असतं. समस्याधारित अध्ययनात समोरचा प्रसंग समजून घ्यायला आपल्याला नेमकं काय ठाऊक नाही, हे गटाने स्वतः हुडकायचं असतं. पहिल्या बैठकीतून उत्तर निघावं अशी अपेक्षाच नसते. आपलं ज्ञान कुठे तोकडं पडतं ती जागा सापडली, की बैठक यशस्वी.

वैद्यकाच्या पहिल्या वर्षातला एकच विषय दोन्ही तऱ्हांनी मांडून बघू. उदाहरण असं असेल: "उभं राहिल्यावर ५०० मिलिलिटर रक्त पायांकडे सरकलं, तर रक्तदाबावर काय परिणाम होईल ते बॅरोरिसेप्टरच्या प्रतिक्षिप्त क्रियेच्या आधारे लिहा." (बॅरोरिसेप्टर म्हणजे रक्तवाहिन्यांतले रक्तदाब टिपणारे संवेदक.) प्रश्न ठीक आहे, पण कोणती यंत्रणा वापरायची तिचं नाव प्रश्नातच आहे.

आता समस्या: "१९ वर्षांची एक मुलगी उकाड्यात तासभर रांगेत एका जागी उभी आहे. तिला मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, चेहरा पांढराफटक पडतो आणि ती कोसळते. शेजारचा माणूस मनगट धरून बघतो, तर नाडी मंद लागते. आडवी झाल्यावर मिनिटभरात ती शुद्धीवर येते आणि विचारते, काय झालं?" बस, एवढंच. खाली प्रश्न नाही.

सात-आठ जणांचा गट बोलायला लागतो. कुणी म्हणतं, साखर कमी झाली असेल. दुसरा विचारतो, मग नुसतं आडवं झाल्यावर ती वाढली कशी? मेंदूला रक्त कमी पडलं असेल. का? उभं राहिल्यावर रक्त पायांत उतरतं म्हणून. पण आपण तर रोज उभे राहतो, रोज का कोसळत नाही? म्हणजे शरीर कशानेतरी भरपाई करत असणार. आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की रक्तदाब उतरला असेल, तर हृदयाने धावायला हवं होतं. मग नाडी मंद का? इथे गट गप्प होतो.

या शांततेसाठी ती समस्या लिहिलेली असते. तिच्यातून गट स्वतःची उद्दिष्टं लिहितो: उभं राहिल्यावर रक्तदाब कसा सांभाळला जातो, पोटऱ्यांचे स्नायू त्यात काय करतात, उकाड्यात त्वचेतल्या रक्तवाहिन्यांचं काय होतं, आणि हृदय नको त्या वेळी मंद का झालं. बॅरोरिसेप्टर हा शब्द अजून कुणी उच्चारलेलाही नसतो. रात्री पुस्तकात तो भेटतो तेव्हा तो एका प्रश्नाचं उत्तर म्हणून भेटतो.

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाने ही वाट सात पायऱ्यांत बांधून दिली आहे. शब्द स्पष्ट करणं, समस्या नेमकी मांडणं, असतील नसतील ती स्पष्टीकरणं पुढे ठेवणं, ती जुळवणं, उद्दिष्टं ठरवणं, स्वतः अभ्यास करणं आणि परत एकत्र येऊन तपासणं. सातवी पायरी वेळ नाही म्हणून गाळली जाते तेव्हा मला राहवत नाही. पहिल्या बैठकीतल्या चुकीच्या अंदाजांचा हिशेब तिथेच होतो, ती गाळली की उरतात त्या गप्पा. तितकीच घातक दुसरी सवय म्हणजे उद्दिष्टं वाटून घेणं: हृदय तू बघ, स्नायू मी बघतो. असं केलं की प्रत्येक जण एक तुकडा शिकतो आणि बाकीचे तुकडे ऐकतो. सगळी उद्दिष्टं सगळ्यांनी वाचायची, यात माझ्याकडून सूट नाही.

ही पद्धत वैद्यकातूनच आली. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत १९६९ साली पहिली तुकडी दाखल झाली आणि अभ्यासक्रम पहिल्यापासून समस्यांभोवती उभा केला गेला. पाठ केलेली मूलभूत शास्त्रं रुग्णापाशी पोचल्यावर आठवत नाहीत, आठवली तरी जोडता येत नाहीत, हे त्यामागचं दुखणं होतं. मास्ट्रिख्ट १९७४ मध्ये त्या वाटेवर आलं. पुढे इंजिनिअरिंग, कायदा, मूलभूत विज्ञान अशा शाखांनीही ती घेतली.

किरकोळ गोंधळ दोन. प्रोजेक्ट-बेस्ड लर्निंग आणि प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग (म्हणजे आपलं समस्याधारित अध्ययन) यांचं इंग्रजी लघुरूप एकच, पीबीएल, म्हणून दोन्ही एक समजली जातात. प्रोजेक्टमध्ये शेवटी काहीतरी बनवून द्यायचं असतं, इथे समजून घ्यायचं असतं. डेन्मार्कच्या ऑल्बोर्ग विद्यापीठात दोन्हींची सांगड आहे, तेव्हा सीमारेषा फार ताणू नये. दुसरा गोंधळ केस पद्धतीचा. तिथे विद्यार्थी केस आधी वाचून, तयारी करून वर्गात येतात आणि चर्चा शिक्षक चालवतो. एवढं पुरे.

आक्षेप मात्र गंभीर आहेत. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये मांडलं की नवख्यांना मार्गदर्शनाशिवाय सोडलं तर त्यांच्या स्मरणशक्तीवर नको तितका ताण येतो, त्यापेक्षा सोडवून दाखवलेली उदाहरणं बरी. सोडवलेल्या उदाहरणांबद्दल ते बरोबर आहेत. गणितातल्या इंटिग्रेशनची रीत बसवायची असेल तर मी खुशाल उदाहरणंच देईन, तिथे समस्या म्हणजे वेळेचा अपव्यय. पण समस्याधारित अध्ययनाला त्यांनी मार्गदर्शनाविना शिकणं म्हटलं, ते मला पटत नाही. गटासोबत बसणारा चांगला मार्गदर्शक उत्तर सांगत नाही, पण "हे कशावरून?" आणि "मग नाडी मंद का?" हे विचारल्यावाचून राहत नाही. तो नुसता बसून राहिला तर आक्षेप खरा ठरतो. २००३ मध्ये ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात ज्ञान वापरण्याच्या कौशल्यात ही पद्धत स्पष्टपणे सरस दिसली, नुसत्या माहितीच्या चाचणीत कल किंचित उलटा होता, मात्र मिळवलेलं ज्ञान जास्त टिकलं. म्हणजे परीक्षेत फक्त व्याख्या विचारायच्या असतील तर ही मेहनत घेऊ नये, आधी परीक्षा बदलावी.

समस्या लिहून झाली की शेवटची ओळ नीट बघा. तिथे "या रुग्णाच्या रक्तदाब नियंत्रणाची चर्चा करा" असं लिहिलं गेलं असेल, तर ती ओळ खोडा. कागदाच्या माथ्यावर "मूर्च्छा: प्रकरण ३" असेल तर तेही काढा, "रांगेतली मुलगी" एवढं नाव पुरतं. रक्तदाबाचे आणि तपासण्यांचे आकडे वेगळ्या कागदावर ठेवा आणि गटाने मागितले तरच द्या.