इटालियन चॅपल, लॅम होम

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहात, लॅम होम या चिमुकल्या बेटावर असलेले कॅथलिक प्रार्थनामंदिर. दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांनी ते उभारले. भोवती गवताळ उतार, समुद्र आणि सतत वाहणारा वारा; गाव असे नाहीच.

या मंदिराची कथा एका बुडालेल्या जहाजापासून सुरू होते. १४ ऑक्टोबर १९३९ च्या पहाटे यू-४७ ही जर्मन पाणबुडी पूर्वेकडच्या अरुंद खाडीतून स्कापा फ्लो या ब्रिटिश आरमारी तळात शिरली आणि तिने ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका बुडवली. आठशेहून अधिक खलाशी मृत्युमुखी पडले. त्या वाटा कायमच्या बुजवाव्यात म्हणून चर्चिल यांच्या आदेशाने बेटाबेटांमध्ये चार बांध घालण्याचे ठरले. मनुष्यबळ कमी पडू लागले, तेव्हा १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेत पकडलेले इटालियन सैनिक आणले गेले. त्यांपैकी सुमारे ५५० जण लॅम होमवरच्या ६० क्रमांकाच्या छावणीत होते. युद्धकैद्यांकडून लष्करी काम करून घेणे आंतरराष्ट्रीय कराराविरुद्ध होते आणि कैद्यांनी तशी हरकतही घेतली. हे बांध म्हणजे बेटे जोडणारे रस्ते आहेत, असे उत्तर त्यांना मिळाले. आज त्यांवरून खरोखरच रस्ता जातो.

दिवसभर सिमेंटचे ठोकळे ओतणाऱ्या या माणसांना प्रार्थनेला जागा हवी होती. १९४३ मध्ये त्यांना पन्हळी पत्र्याच्या दोन अर्धगोल बराकी मिळाल्या. त्या टोकाला टोक लावून जोडल्या. मोएना या डोंगराळ गावचा चित्रकार दोमेनिको किओकेत्ती यांनी आतून जिप्समचे तक्ते बसवून घेतले आणि त्यांवर विटा व कोरीव दगड असे हुबेहूब रंगवले की हात लावल्याशिवाय ते नुसते चित्र आहे हे खरे वाटू नये. वेदीमागे मारियामाता आणि बाळ येशू आहेत. बाळाच्या हाती ऑलिव्हची फांदी आहे. हे चित्र निकोलो बाराबिनो यांच्या चित्रावर बेतलेले. ते चित्र असलेले छोटे प्रार्थना-कार्ड आईने किओकेत्तींना दिले होते आणि युद्धभर ते त्यांच्या खिशात राहिले. भोवतीच्या देवदूतांपैकी एक जण तलवार म्यान करतो आहे. कैदेत असलेल्या सैनिकाने हे रंगवले, म्हणून त्या लहानशा तपशिलापाशी नजर थांबते.

बाकी सारे टाकाऊतून घडले. दिव्यांच्या बैठका गोमांसाच्या रिकाम्या डब्यांच्या, तर वेदी आणि दर्शनी भाग बांधासाठीच्याच सिमेंटचा. लोहार पालुंबी यांनी वेदीपुढचा लोखंडी जाळीचा पडदा घडवला. त्याला चार महिने लागले. त्याची दोन्ही दारे जिथे मिळतात तिथे जमिनीत एक छोटे लोखंडी हृदय बसवलेले आहे. स्थानिक स्त्रीवरच्या अबोल प्रेमाची ती खूण, असे ऑर्कनीत सांगतात. दर्शनी भाग डौलदार असला, तरी मागच्या बाजूने पाहिले की पत्र्याची बराक लपत नाही. बाहेर सेंट जॉर्जचा पुतळा आहे. तो किओकेत्तींनी आधीच, काटेरी तारांच्या सांगाड्यावर सिमेंट चढवून केला होता.

सप्टेंबर १९४४ मध्ये कैद्यांना बेटावरून हलवले. बाप्तिस्मा-कुंड अपुरे होते, म्हणून किओकेत्ती ते पुरे करण्यासाठी काही दिवस एकटेच मागे राहिले. मायदेशी परतण्याची आस लागलेल्या कैद्याने, ज्या मंदिरात आपण पुन्हा प्रार्थना करू याची खात्री नाही, त्याच्या कुंडासाठी थांबावे, यात त्या कामाचे मोल कळते.

छावणी मोडली, मंदिर आणि पुतळा तेवढे उरले. दमट खाऱ्या हवेने रंग उडू लागले, तेव्हा १९५८ मध्ये बेटावासीयांनी जतन समिती स्थापली. या समितीतले बहुतेक जण कॅथलिक नव्हते. १९६० मध्ये किओकेत्ती परत आले आणि आपली चित्रे त्यांनी स्वतः दुरुस्त केली. पुढे १९६४ मध्ये ते पत्नीसह पुन्हा आले, तेव्हा क्रूसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या अखेरच्या प्रवासातील प्रसंगांची, १४ लाकडी स्थानके त्यांनी भेट दिली. १९९९ मध्ये मोएनात त्यांचे निधन झाले. मंदिरात उन्हाळ्यात आजही मिस्सा, म्हणजे कॅथलिक सामूहिक उपासना, होते.