आत्मकथन लिहायचंय? एकट्याने लिहा, गटात वाचा

आमच्या आत्मकथन लिहिण्याच्या गटाची चौकशी करायला येणाऱ्या बऱ्याच जणांचं गाऱ्हाणं एकच असतं, सांगण्यासारखं खूप आहे, वहीसुद्धा आणून ठेवलीय, पण "माझा जन्म अमुक साली झाला" या वाक्यापुढे काही सरकत नाहीये. आमचं म्हणणं, जन्मापासून सुरू करूच नका. स्वतःचा जन्म कुणालाच आठवत नाही, ती ऐकीव माहिती असते, मग ते पान फॉर्म भरल्यासारखंच होणार ना.

आम्ही ज्या पद्धतीने गट चालवतो ती जेम्स बिरेन या अमेरिकन अभ्यासकाची. म्हातारपण हा त्यांचा अभ्यासाचा विषय, आणि १९७० च्या दशकात त्यांनी ही पद्धत बसवली. दर आठवड्याला एक विषय मिळतो, त्यावर घरी दोन पानं लिहायची आणि पाच-सहा जणांच्या गटात मोठ्याने वाचून दाखवायची, बस. विषय कसले, तर आयुष्याला वळण देणारे प्रसंग, घरची माणसं, पैसा, काम, तब्येत, मृत्यू, आपण काय मानत आलो असे. सालवार जायची सक्ती नाही. पैशाच्या आठवड्याला सगळे आधी नाक मुरडतात, त्यात काय लिहायचं म्हणतात, पण आमच्या मते सगळ्यात जिवंत पानं त्याच आठवड्यात येतात. घरात पैशाचा निर्णय कोण घ्यायचं, कोण गप्प बसायचं, पहिली कमाई कशावर गेली, उधारी कुणापासून लपवली, असे प्रश्न आम्ही विषयासोबत देतो. सगळ्यांची उत्तरं द्यायची नाहीत हं, ही काही परीक्षा नाहीये, जो प्रश्न टोचेल तेवढाच घ्यायचा.

आता लोक विचारतात की गट आहे तर तिथेच बसून गप्पा मारत आठवू की, घरी एकट्याने कशाला लिहायचं? त्याला कारण आहे. स्मरणशक्तीवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की चार माणसं एकत्र बसून आठवायला लागली की त्यांचं मिळून जेवढं भरतं ते त्याच चौघांनी वेगवेगळं बसून आठवलेल्याच्या बेरजेपेक्षा कमी असतं, कारण दुसरा बोलायला लागला की आपला धागा तुटतो आणि आपण त्याच्याच वाटेने जायला लागतो. म्हणून आधी एकटं लिहायचं. गटाचं काम त्यानंतरचं. एक म्हणजे ठरलेल्या दिवशी कुणीतरी ऐकायला बसलेलं असतं म्हणून लिहून होतं (हे कारण फार थोर नाही पण सगळ्यात जास्त चालतं), आणि दुसरं म्हणजे ऐकणारा नेमका तो प्रश्न विचारतो जो तुम्हाला सुचलाच नसता, कारण तुमच्यासाठी ती गोष्ट उघड असते.

पण प्रश्न जपून विचारायचा. लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांच्या १९७४ च्या प्रयोगात अपघाताची फिल्म दाखवून गाड्यांचा वेग विचारला होता, फक्त प्रश्नातलं क्रियापद बदललं, आदळल्या की नुसत्या लागल्या, तेवढ्याने लोकांनी सांगितलेला वेग बदलला. त्यामुळे आमच्याकडे "तेव्हा तुम्हाला राग आला असेल ना" असं विचारत नाही, "तेव्हा काय वाटलं" एवढंच. सल्ला द्यायचा नाही, शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या नाहीत, आणि "असं झालंच नसणार" हे तर अजिबात नाही.

चाळिशी ओलांडलेल्यांना साधारण १० ते ३० या वयातलं जास्त आठवतं, हे अभ्यासात वारंवार दिसलेलं आहे. तेव्हा तुमची पानं कॉलेजच्या आणि पहिल्या नोकरीच्या आसपासच साठली आणि नंतरची वर्षं रिकामी दिसली तर घाबरू नका. विषय बदलला की त्या वर्षांतलंही वर येतं, तब्येतीच्या आठवड्यात तर हमखास.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, आम्ही समुपदेशक नाही. दुःखाचं लिहिलं की त्या दिवशी मन जड होतं, मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगातही असं लिहिणाऱ्यांचा मूड लिहून झाल्या झाल्या खालीच गेला होता, तेवढं चालायचंच. पण घाव अगदी ताजा असेल, झोप उडालेली असेल तर आधी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला, गट नंतरही आहेच. लिहिलेलं सगळं वाचलंच पाहिजे असंही नाही, एखादा परिच्छेद गाळला तर का गाळला हे कुणी विचारणार नाही.

गटात ऐकलेलं गटाबाहेर जात नाही, रेकॉर्डिंग बंद, फोन सायलेंटवर. तुमच्या गोष्टीतली बाकीची माणसं तिथे उत्तर द्यायला नसतात, म्हणून गटात वाचताना त्यांची नावं बदललीत तर बरं, घरच्या प्रतीत खरी ठेवा. आम्ही तुमच्याऐवजी लिहून देत नाही, भाषा सजवूनही देत नाही. पुस्तक छापायचं की चार झेरॉक्स काढून नातवंडांना द्यायच्या, हे तुमचं तुम्ही शेवटी ठरवा, आधीपासून पुस्तक डोक्यात असलं की लोक जपून लिहायला लागतात.

पहिल्या दिवशी काही लिहून आणायची गरज नाही, नुसतं ऐकायला बसलात तरी चालेल. हाताने लिहा, टाइप करा, हात दुखत असेल तर मोबाईलवर बोलून टाइप करा. फक्त वाचायची प्रत मोठ्या अक्षरात आणा आणि चष्मा विसरू नका.