९१ तासांतला एक मोकळा तास

लातूरहून पुण्यात इंजिनिअरिंगला आलेल्या भाचीने पहिल्याच आठवड्यात मला आपलं टाइमटेबल दाखवलं. चार रंगांची पेनं, जवळजवळ एकही चौकोन रिकामा नाही. "मामा, एक तास सोडला तर सगळा आठवडा वापरलाय बघ!" पुढे तिला तीन दिवस ताप आला. पंधरा दिवसांनीही जर्नल अपुरं, सबमिशन अडकलेलं, आणि घरच्यांचा निकाल तयार: पोरीला शिस्त नाही.

शिस्त भरपूर होती. चुकलं ते गणित.

नव्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं काम. सहामाहीच्या २० क्रेडिटचे ६०० तास १५ आठवड्यांत वाटले की आठवड्याला ४० येतात. आठवड्यात तास १६८. झोपेचे ५६ आणि जेवण, अंघोळ, कपडे धुणं यांचे २१ काढले की उरतात ९१. त्यात क्रेडिटचे ४०, बसचे १२, ढोल पथकाच्या सरावाचे १८, कोडिंग क्लबचे ६, मैत्रिणी आणि मोबाइल यांचे १४. बेरीज ९०. तापात अभ्यासाचे साधारण १७ तास बुडाले. आठवड्याला एक तास मोकळा, म्हणजे भरपाईला १७ आठवडे. सहामाहीच १५ आठवड्यांची!

आता माझा आवडता भाग. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग या गणितज्ञाने १९०९ साली फोन कसे अवचित येतात याचं गणित मांडलं, आणि त्यातून रांगांचं शास्त्र उभं राहिलं. कामं अवचित येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त असेल, तर एका कामाला सरासरी किती थांबावं लागतं? भरलेल्या वेळेला मोकळ्या वेळेने भागा, आणि येईल त्या आकड्याने एका कामाच्या सरासरी वेळेला गुणा. वेळ निम्मा भरलेला असेल तर उत्तर १ पट. ८० टक्क्यांना ४ पट, ९० टक्क्यांना ९, ९५ टक्क्यांना १९. शेवटच्या पाच टक्क्यांनी प्रतीक्षा दुपटीहून जास्त वाढवली! आलेख बराच वेळ जवळजवळ आडवा जातो आणि मग एकदम कडा चढतो. भाचीचं उत्तर? ९० भागिले १, म्हणजे ९० पट.

१९६१ मध्ये गणितज्ञ जॉन किंगमन यांनी याला आणखी एक गुणक जोडला, तो अनिश्चिततेचा. कामं येण्यातली आणि कामांच्या लांबीतली चढउतार, दोन्हींच्या वर्गांची सरासरी. चढउतार शून्य असेल तर गुणक शून्य, आणि ९९ टक्के भरलेला आठवडाही सुरळीत चालतो. बारावीला तिचं टाइमटेबल का चाललं, याचं उत्तर इथे आहे: क्लास ठरलेला, डबा ठरलेला, कपडे आई धुवायची. पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलची बॅच अचानक बदलते, मेसला सुट्टी असते, रूममेट रडत बसलेली असते. वर्ग आणि गुणक यांत वाचक हरवला असेल तर मुंबईची लोकल आठवावी. गर्दीच्या वेळी दोन गाड्यांत तीन-चार मिनिटं. एक अडकली की मागच्या साऱ्या अडकतात. दुपारी तोच बिघाड फारसा कुणाला जाणवत नाही.

हे मॉडेल माणसाला तंतोतंत लागू पडत नाही, हे कबूल. ढोलाचा सराव ठरलेल्या वेळी होतो, आणि ९० पट रांग साचायला १५ आठवडे पुरायचेही नाहीत. पण कडा असतो तिथेच असतो.

दरम्यान कुणीतरी अभ्यासाचं टेबल पूर्वेकडे फिरवायला सांगितलं. टेबल फिरलं, तास ९१ च राहिले. मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारी ॲप्स त्याच जातकुळीतली. ती उरलेला एक तासही भरून देतात. झोप सहा तासांवर आणली की १४ तास मिळाल्यासारखे वाटतात, पण पेंगत सोडवलेलं गणित दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडवावं लागतं. म्हणजे कामाची लांबीच वाढली.

मी कागदावर पथकाचे १८ तास खोडून दाखवले: ७२ भागिले १९, चारपटीच्या आत. भाचीने आकडा पाहिला आणि कोडिंग क्लब सोडला. ८४ भागिले ७, म्हणजे १२. "ढोल नाही सुटायचा, मामा. अनंत चतुर्दशीनंतर ते १८ तास आपोआप सुटतील की."

६६ भागिले २५. तिने मोबाइलवर करून दाखवलं: २.६४.