'फ्री'चे तुर्की वाटेकरी

तुरुंगातून सुटलेला कैदी, रिकामी खुर्ची आणि साबणावर मिळणारा चमचा, तिघांनाही इंग्रजीत 'फ्री' चालतो. मराठीने तो शब्द चमच्यापुरता आणि 'आज फ्री आहेस का?' एवढ्यापुरता उचलला. तुर्कीत या कामांची वाटणी फार पूर्वीच झाली आहे.

रोजचे शब्द सरळ आहेत. रिकामी टॅक्सी 'बोश', सवड असलेला माणूस 'म्युसाइत', करातून सुटलेला 'मुआफ' (आपला 'माफ' त्याच अरबी मुळाचा). बिनसाखरेचा तो 'शेकेरसिझ', आणि त्याच प्रत्ययाने बिनशुल्काचा 'युजरेतसिझ'. हा पाट्यांवरचा, बोलताना मात्र 'बेदावा'.

'बेदावा'चे मूळ फारसी 'बाद-ए-हवा'. उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याच्या महसुलात दंड, लग्नावरचा कर अशा अनिश्चित, जणू वाऱ्यावर आलेल्या उत्पन्नाचे हे खाते होते. ज्या जहागीरदाराच्या पदरात ते अख्खे पडे, त्याची जहागीर 'सेरबेस्त', म्हणजे मोकळी. बाकीच्यांना वरच्या अधिकाऱ्याला वाटा द्यावा लागे. आजचे 'फुकट' आणि 'मोकळा' असे एकाच दप्तरात शेजारी नांदत होते.

१७७४ च्या रशियाबरोबरच्या तहात क्रिमियाच्या तातारांना मोकळे ठरवताना याच 'सेरबेस्त'वरून बनलेला शब्द वापरला गेला. पुढच्या शतकात राजकीय स्वातंत्र्यासाठी अरबी 'ह्युरियेत' रूढ झाला आणि सुलतानाला राज्यघटना पुन्हा लागू करायला लावणाऱ्या १९०८ च्या क्रांतीची ती घोषणाच झाली.

खरे भांडण १९३० च्या दशकातले. अरबी-फारसी शब्द काढून शुद्ध तुर्की आणायची सरकारी मोहीम सुरू झाली आणि 'ह्युर' (स्वतंत्र; 'ह्युरियेत' त्यावरूनच) याच्या जागी 'ओझग्युर' घडवला गेला. 'ओझ' म्हणजे स्व. 'ग्युर' म्हणजे दाट, केसांबद्दल म्हणतात तसा. दोन्ही जोडून 'स्वतंत्र' कसे होते, हा टीकाकारांचा सवाल होता. व्याकरणाच्या अंगाने तो बिनतोडच म्हणायला हवा. उझबेक-उइगुर भाषांत चालणारा 'एर्किन' हाताशी होता, पण तुर्कस्तानात तो रुजला नाही. ओझग्युर मात्र टिकला, इतका की मुलांची नावे त्यावरून ठेवली जातात.

साठ-सत्तरच्या दशकांत शब्दावरून माणसाचा पक्ष कळू लागला: स्वातंत्र्याला डावे 'ओझग्युर'वरून 'ओझग्युरल्युक' म्हणत, परंपरावादी 'ह्युरियेत'. लष्करी राजवटीत तयार झालेल्या १९८२ च्या राज्यघटनेने मुख्यतः 'ह्युरियेत'लाच धरले. वृत्तपत्रे त्यात 'ह्युर' आहेत. कलम ४८ मध्ये काम आणि करार करण्याची 'ह्युरियेत' आहे, पण खासगी उद्योग काढणे 'सेरबेस्त'. पहिला हक्क आणि दुसरी नुसती मुभा, असे वाचण्याचा मोह होतो. पण दोन्हींची जागा मूलभूत हक्कांच्याच भागात आहे.

२००४ आणि २०१० च्या दुरुस्त्यांत 'मूलभूत हक्क आणि ओझग्युरल्युक' असा पाठ आला. जुनी कलमे तशीच राहिली, त्यामुळे आज एकाच घटनेत दोन्ही शब्द कायद्याने चालतात.